खोट्या गोळीची सरशी

सकाळी सहाला कुठल्याही बागेच्या फाटकाशी उभे राहा. दुधी, कारले, कोरफड, गव्हांकुर असे हिरवे पेले हारीने मांडलेले. चार चकरा मारून आलेले गृहस्थ डोळे मिटून पेला रिचवतात. महिन्याने दोन किलो उतरले की श्रेय पेल्याला. चकरा गेल्या बाजूला, बंद केलेले वडे त्याहून बाजूला.

श्रेयाचा हा तंटा सोडवायची युक्ती जुनी आहे. निम्म्यांना खरे औषध द्या, निम्म्यांना हुबेहूब तसेच दिसणारे खोटे आणि कुणाला काय मिळाले ते शेवटपर्यंत फोडू नका. पाला विकून पैसा करणाऱ्यांना ही युक्ती फारशी रुचत नाही. का, ते पाहा. आपल्या कोकमाचा दक्षिणेकडचा भाऊबंद म्हणजे मलबारी चिंच, पुस्तकी नाव गार्सिनिया कंबोजिया. तिच्यातले आम्ल चरबी गाळते असा मोठा बोलबाला. १९९८ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी १३५ स्थूल माणसांवर १२ आठवडे चाचणी घेतली. आहार सगळ्यांचाच आखून दिलेला. आम्लवाले सरासरी ३.२ किलोंनी उतरले, खोट्या गोळीवाले ४.१ किलोंनी! (फरक संख्याशास्त्राच्या हिशेबी किरकोळ. नाहीतर खोट्या गोळीचीही एजन्सी घेता आली असती.)

ग्रीन टीचे निघाले ४० ग्रॅम. वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात जपानबाहेरच्या चाचण्यांची बेरीज केल्यावर एवढाच सरासरी फरक उरला. खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून काट्यावर चढलात तरी तेवढे साधते.

ग्रीन कॉफीने मात्र कमाल केली. चाचणी आपल्याच देशात झालेली, माणसे १६, आठवडे २२ आणि वजन उतरले म्हणे सरासरी आठ किलो. अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या डॉक्टरने ते डोक्यावर घेतले. मग तिथल्या व्यापार आयोगाने चाचणीची वही उघडली. वजनाचे आकडे पुन्हा पुन्हा बदललेले, चाचणीचा काळ बदललेला, खोट्या गोळीवर कोण होते तेही चुकीचे लिहिलेले. काटा हलेना, म्हणून पेन हलवले. २०१४ मध्ये चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीने ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले, निबंधही मागे घेतला गेला.

लठ्ठपणावर औषध म्हणून जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून मग डब्यावर ‘औषध’ लिहायचेच नाही, ‘पूरक आहार’ लिहायचे. खाली मुंगीच्या अक्षरात: समतोल आहार व व्यायामासह घ्यावे. सगळा गुण त्या ओळीत. ती फुकट असल्याने अक्षर बारीक.

आणि दुधी? २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ दुधी-कारल्याचा कडू रस पिऊन दगावले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने चौकशी करून सांगितले, की रस कडू लागला तर ओतून द्या आणि दुधीच्या रसात दुसरा कुठला रस मिसळू नका. या चाचणीला प्रयोगशाळा नको, जिभेचे टोक पुरे. पण कडू ते गुणकारी ही आपली पक्की समजूत. त्यात दुधीबरोबर कारले घालायची पद्धत, म्हणजे दुधीने इशारा दिलाच तरी जिभेला तो कळायला नको.