मोज्यांचा रंग आणि अपूर्णांक

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 24 शिक्षकांना सांगतं, की पालकांच्या नियमित सभा घ्या; मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती आणि अन्य संबंधित माहिती त्यांना द्या. ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात त्यातली शेवटची शेपटीच तेवढी मनावर घेतलेली दिसते. व्हॉट्सॲप ग्रुप उघडा: 'उद्या पांढरे मोजे', 'शुक्रवारी चार्टपेपर', 'फीची शेवटची तारीख', आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. सातवीतल्या मुलाला अपूर्णांकांचा भागाकार जमतो का? त्यासाठी प्रगतिपुस्तकातली वर्णनात्मक नोंद आहे ना! 'वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो.' हे वाक्य शेजारच्या मुलालाही तंतोतंत बसतं.

कुणी म्हणेल, सकाळची फास्ट पकडणाऱ्या आईबापांना सभेला वेळ कुठला, आणि भरलेला वर्ग सांभाळून निवडणुकीची कामंही उरकणाऱ्या बाईंना तरी? मान्य. पण मोज्यांचा रंग कळवायला वेळ निघतोच की. तेवढ्यात 'या आठवड्यात काय शिकवलं, कुठे अडलं' या दोन ओळीही लिहून होतात; डोंबिवलीला चढलेला माणूस एका हाताने कडी धरून ठाण्याच्या आत त्या वाचेल. तोवर पालकहो, पुढच्या सभेत गॅदरिंगच्या कपड्यांचं विचारू नका. गणिताची वही मागा.