रोकडा की पॉइंट?

क्रूझचे भाडे दोन प्रकारांनी भरता येते, रोखीने किंवा टाइमशेअरच्या पॉइंटांनी. पहिल्या प्रकारात पैसे जाताना दिसतात. दुसऱ्या प्रकारात ते फार पूर्वीच गेलेले असतात, त्यामुळे दुःख होत नाही आणि सहल फुकट झाल्यासारखी वाटते. खानदेशातल्या जामनेरात हा प्रश्न साधारण मार्चच्या सुमारास निघतो. कापूस विकून झालेला असतो, मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात आणि पॉइंटांची मुदत संपत आल्याचा मेसेज फोनवर येऊन पडलेला असतो.

जामनेरला समुद्र नाही. कांग नदी आहे, पण जहाजाच्या दृष्टीने ती विचारात घेण्याजोगी नाही. २०२३ च्या जुलैत राज्याचे पर्यटन खाते जामनेरचेच आमदार गिरीश महाजन यांच्याकडे आले होते. त्या काळातही गावाला बंदर मिळाले नाही, हे खात्याच्या मर्यादांचे उदाहरण म्हणून सांगता येईल. त्यामुळे क्रूझ म्हणजे मुंबईची क्रूझ, आणि बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ती कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’. २०२१ च्या सप्टेंबरात आयआरसीटीसीच्या साथीने ती सुरू झाली. जहाज १९९० सालचे, फ्रान्समध्ये बांधलेले आणि आधी दुसऱ्या नावाने दुसऱ्या समुद्रात फिरलेले, म्हणजे सरळ भाषेत सेकंडहँड. सेकंडहँड ट्रॅक्टर घेताना खानदेशात बोनेट उघडून तासभर चौकशी होते. जहाजाच्या बाबतीत फक्त बाल्कनी आहे का, एवढेच विचारले जाते. सुरू होऊन महिना होत नाही तोच, २ ऑक्टोबरला, अमली पदार्थविरोधी पथक त्या जहाजावर पोचले आणि मुंबईच्या बातम्यांतून ‘क्रूझ’ हा शब्द बोदवडपासून शेंदुर्णीपर्यंत घरोघरी गेला. कोकणी माणूस पिढ्यान्‌पिढ्या बोटीने गावी जात होता, पण त्या प्रवासाला कोणी क्रूझ म्हटले नाही. त्याला बोट लागायची.

टाइमशेअर म्हणजे सुट्टी आगाऊ विकत घेणे. एका खोलीचे वर्षातले बावन्न आठवडे बावन्न कुटुंबांना विकायचे, ही कल्पना १९६०च्या दशकात युरोपात, आल्प्सच्या परिसरात रुजली. आपला आठवडा दुसऱ्याच्या आठवड्याशी बदलून देणारी आरसीआय ही कंपनी १९७४ साली अमेरिकेत निघाली. भारतात स्टर्लिंग १९८६ साली आली आणि महिंद्राचा क्लब १९९६ साली. आठवडा एकाच ठिकाणाला बांधलेला असतो ही अडचण पुढे लक्षात आली, तेव्हा आठवड्याचे पॉइंट झाले. पॉइंट कुठेही चालतात असे सांगण्यात आले. सांगण्यात आले ते सहसा जळगावच्या एखाद्या हॉटेलात, पेट्रोल पंपावर भरलेल्या लकी ड्रॉच्या कुपनात नंबर लागल्यानंतर. बक्षीस घ्यायला नवरा-बायको दोघांनी येणे सक्तीचे असते. घरचे सोने मोडतानासुद्धा इतका काटेकोर नियम कोणी पाळत नाही. दोन तासांचे सादरीकरण, जेवण, बर्फाच्या डोंगराचा व्हिडिओ आणि शेवटी मॅनेजरने ‘फक्त आजच्यासाठी’ आणलेला भाव. भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही, तक्रार निघाली तर ती ग्राहक आयोगाकडे जाते. युरोपीय संघात सही केल्यावर चौदा दिवसांत करार मोडण्याचा हक्क कायद्यानेच आहे. त्या चौदा दिवसांत माणूस शांत डोक्याने विचार करतो, असे तिथल्या कायदेमंडळाचे मत दिसते.

एसटी महामंडळाचीही अशी एक योजना जुनी आहे. ‘आवडेल तेथे प्रवास’ या नावाने चार किंवा सात दिवसांचा पास मिळतो. तिच्यासाठी जेवण देत नाहीत, म्हणून ती घेतल्याचे कोणी सांगत फिरत नाही.

पॉइंटची किंमत काढणे अवघड नाही. फक्त ती घरात मोठ्याने काढू नये. समजा, चार लाखांना पंचवीस वर्षांचे सदस्यत्व घेतले. वर्षाला १६,००० रुपये झाले. वार्षिक वर्गणी २०,००० धरली तर त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून २३,६००. दोन्ही मिळून ३९,६०० रुपये, आणि त्या बदल्यात सात रात्री किंवा ७,००० पॉइंट. म्हणजे एक पॉइंट ५ रुपये ६६ पैशांना पडला. चार लाख रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला २८,००० व्याज आले असते आणि मुद्दलही जागेवर राहिले असते. तो हिशेब इथे धरलेला नाही. तो धरला की चर्चा क्रूझची राहत नाही, सासरची होते.

आता हे पॉइंट जहाजाला लावायचे. पॉइंटांची देवघेव करणारी कंपनी दोघांच्या चार रात्रींच्या केबिनचा भाव १,२०,००० सांगते आणि प्रत्येक पॉइंटचे अडीच रुपये वजा करते. पॉइंटांचे १७,५०० वजा जाता १,०२,५०० रुपये रोख भरायचे. सदस्याला आनंद होतो. तेवढ्यात भुसावळचा साडू त्याच तारखेची तीच केबिन एजंटाकडून १,०५,००० ला काढतो. त्याच्याकडे पॉइंट नाहीत, आणि सादरीकरणाचे जेवणही त्याने घेतलेले नाही. दोघांच्या खर्चातला फरक अडीच हजारांचा. सात हजार पॉइंटांना अडीच हजार, म्हणजे पॉइंटला ३६ पैसे. देवघेवीचे शुल्क तीन हजार असेल तर पॉइंटवाला साडूपेक्षा ५०० रुपयांनी खाली जातो. पॉइंट वापरल्याबद्दल त्याने वर ५०० रुपये दिले, असा त्याचा अर्थ. आकडे मानलेले आहेत, पण रीत हीच असते.

हे गणित केळीवाल्या खानदेशाला नव्याने शिकवण्याची गरज पडू नये. रावेरचा जाहीर भाव फळ्यावर लिहिलेला असतो आणि व्यापारी बांधावर वेगळाच भाव देतो, ही तक्रार रावेर-यावलचा शेतकरी रोज करतो. फळ्यावरच्या भावाने हिशेब धरणाऱ्याला गावात हसतात. कंपनीचा १,२०,००० हा फळ्यावरचा भाव आहे. एजंटाचा १,०५,००० हा बांधावरचा. बागेत हा भेद एका नजरेत कळणारा माणूस गुळगुळीत कागदावर छापलेल्या जहाजापुढे तो विसरतो, आणि फळ्यावरच्या भावातून सूट मिळाली म्हणून शेजाऱ्याला पेढे देतो.

पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत, पावती आहे, हेही खानदेशाला ठाऊक असायला हवे. जळगाव जिल्ह्याने पतसंस्थांच्या ठेवपावत्या कपाटात जपून ठेवल्या आहेत. भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्था अडचणीत आली, २०१५ साली तिच्या संस्थापकाला अटक झाली, संस्थेवर अवसायक बसला. मग लोकांच्या पावत्यांना एक निराळाच बाजार फुटला. कर्जदारांनी ठेवीदारांच्या पावत्या निम्म्याहून कमी किमतीत घेतल्या आणि आपल्या कर्जात पूर्ण रकमेने वळत्या करून घेतल्या, असा आरोप झाला. २०२० च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांनी जळगावात छापे टाकले, त्यामागच्या प्रकरणातला हा एक भाग. तेव्हा या वळतीसाठी ‘मॅचिंग’ हा शब्द साडी-ब्लाउजच्या दुकानातून उठून पोलिसांच्या कागदावर गेला. पावतीवरचा आकडा एक आणि ती मोडताना हाती पडणारा दुसरा, हे त्या काळात शाळकरी पोरालाही कळत होते. टाइमशेअरच्या पॉइंटांत गुन्हा नसतो. सगळे करारात लिहिलेले असते, बारीक अक्षरात आणि इंग्रजीत. पण भाव ठरवण्याची रीत तीच आहे. पॉइंट किती रुपयांचा, हे तो घेणारा ठरवतो, आणि ठरवतो त्या दिवशीपुरते.

रोखीची बाजूही सरळ नाही. ‘रोख’ म्हटले की जामनेरचा माणूस नोटा समजतो आणि एजंट यूपीआय समजतो. नोटांना कायद्याची मर्यादा आहे. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड घेता येत नाही. घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढ्या रकमेचा दंड. म्हणून कापसाच्या पैशांची पिशवी घेऊन आठ जणांच्या क्रूझचे भाडे मोजायला गेलेल्या आप्पांना एजंट आधी चहा पाजतो आणि मग बँकेत पाठवतो. क्रूझ सिंगापूरची असेल तर परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट टीसीएस घेतो. तो पुढे आयकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, विवरणपत्र भरत असल्यास.

वरच्या कटतीचे दोन्ही मार्गांत सारखेच होते. बाजार समितीत कापसाची गाडी लावली की हमाली आणि तोलाई कापली जाते. जहाजाच्या बाबतीत बंदरशुल्क, कर आणि नोकरांची बक्षिसी अशी नावे असतात. ही रक्कम सहसा पॉइंटांत भरता येत नाही. पॉइंट केबिनपुरते. केबिनच्या बाहेर पाऊल टाकले की सहल रुपयांत सुरू होते, इंटरनेटला वेगळे, दारूला वेगळे, किनाऱ्यावर उतरून बसने किल्ला पाहायला वेगळे. गंमत अशी की जहाजावर नोटाही चालत नाहीत. चढताना एक कार्ड देतात, सगळा खर्च त्यावर मांडला जातो आणि उतरण्याच्या आदल्या रात्री बिल दारात येते. किराणा दुकानाच्या वहीची सवय असलेल्या माणसाला ही पद्धत अजिबात परकी वाटत नाही. फरक एवढाच की इथे दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. जेवण भाड्यात धरलेले असते, जैन जेवणही मिळते. भरीत आणि कळण्याची भाकरी मिळत नाही. ती डब्यातून नेणारे असतात, आणि तिसऱ्या दिवशी सगळा मजला त्यांना नावाने ओळखतो.

रद्द झाल्यास काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. रोख भाडे भरलेले असेल तर प्रवास विमा भरलेल्या रुपयांकडे पाहतो. पॉइंटांकडे पाहून विमा कंपनी साधारणपणे हात वर करते, कारण त्यांची किंमत किती, हे तिला कोणी सांगू शकत नाही. सदस्याकडे ३९,६०० चा आकडा असतो, देवघेव कंपनीकडे १७,५०० चा आणि साडूकडे अडीच हजारांचा.

मग पॉइंट कुठे लावायचे? जिथे रोख भाव चढलेला असतो तिथे. दिवाळीच्या सुट्टीत डोंगरावरच्या रिसॉर्टची खोली रात्रीला ९,००० रुपये असेल तर सात रात्रींचे ६३,००० होतात आणि त्याच पॉइंटला नऊ रुपये भाव येतो. वर्षाच्या ३९,६०० वर तेवीस हजारांची कमाई. हा पॉइंटांचा सगळ्यात शहाणा उपयोग होय आणि सगळ्या सदस्यांना तो ठाऊक असल्याने त्या तारखांना खोली शिल्लक नसते. शिल्लक असते ती जुलैत, धुक्यात, पेरणीच्या धामधुमीत.

उरतो तो मुदत संपत आलेल्या पॉइंटांचा प्रश्न. सदस्यत्वाचे चार लाख आणि यंदाची वर्गणी गेली ती गेली. क्रूझला जा किंवा घरी बसा, ती परत येणार नाही, म्हणून या हिशेबात ती धरायची नाही. बघायचे एवढेच की बाहेरच्या एजंटाचा भाव किती, पॉइंट लावून हातचे किती जातात आणि देवघेवीचे शुल्क किती. पॉइंट लावून शंभर रुपये वाचत असतील तरी लावावेत, कारण मुदतीनंतर त्यांचे शून्य येणार आहे. शुल्क जास्त भरत असेल तर पॉइंट मरू द्यावेत. हे दुसरे काम कोणाच्याच हातून होत नाही. “फुकटच हाये ना भो,” असे म्हणून माणूस शुल्क भरतो, कारण मेलेल्या पॉइंटांची जबाबदारी घरात कोणावर तरी येते आणि कोणावर, ते सही कोणी केली यावर ठरते. पॉइंट पुढच्या वर्षी ढकलण्याची सोय काही योजनांत असते. तीही वर्गणी चुकती केल्याशिवाय नाही. सदस्यत्वच विकून टाकावे म्हटले तर बाजारात पॉइंटवाले फार आणि घेणारे थोडे. अमेरिकेत अशी सदस्यत्वे एका डॉलरला जाहिरातीत लागलेली सापडतात, वार्षिक वर्गणीतून सुटका व्हावी एवढ्याच आशेने.

भाडे कसेही भरले तरी जामनेरहून जहाजापर्यंतचा प्रवास कोणत्याच योजनेत धरलेला नसतो. पाचोऱ्याला नेणारी नॅरोगेज ‘पीजे’ रेल्वे २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आधी एसटीने जळगाव, तिथून रात्रीची रेल्वे, मग मुंबईत टॅक्सीने बॅलार्ड पिअर. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्या आजीला तिकीटच नाही. त्यासाठी वार्षिक वर्गणी नाही आणि सादरीकरणाला बसावे लागत नाही. कंडक्टर आजीचे आधार कार्ड पाहतो, उरलेल्यांची तिकिटे फाडतो आणि सुट्टे मागतो.