फोटोची चौकशी

८ जून १९७२. व्हिएतनाममधलं त्रांग बांग गाव. दक्षिण व्हिएतनामच्या विमानाने चुकून आपल्याच माणसांवर नापाम टाकला आणि नऊ वर्षांची किम फुक पेटलेले कपडे ओरबाडून रस्त्यावर धावत सुटली. तो फोटो तुम्ही पाहिलाय. विमानाच्या चौकशीचं कधी ऐकलंत? नाही ना? फोटोची चौकशी मात्र अजून चालू आहे.

पहिली झाली सायगावच्या कचेरीत. पोरगी उघडी आहे, पेपरात कशी छापायची? असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या नियमात बसेना. होर्स्ट फास हा फोटोसंपादक अडून बसला म्हणून फोटो पुढे गेला. उजवी बाजू मात्र छाटून. तिथे एक छायाचित्रकार कॅमेऱ्यात रीळ भरत होता. मागे गाव जळतंय आणि हा बाबा रीळ भरतोय, हे वाचकाला बघवलं नसतं. (नापाम बघवतो.)

दुसरी व्हाइट हाउसमध्ये. निक्सनसाहेबांना शंका, फोटो बनवलेला तर नसेल? शंका त्यांच्याच गुप्त टेपवर नोंदली गेली. त्या टेपांनी साहेबांची सोय कधी पाहिलीच नाही.

या फोटोने युद्ध थांबवलं, असं सत्कारसमारंभात सांगायची पद्धत आहे. पुलित्झर मिळालं १९७३ मध्ये, युद्ध संपलं एप्रिल १९७५ मध्ये. बक्षीस दोन वर्षं आधी पोचलं.

तिसरी चौकशी फेसबुकची, २०१६ सालची. गुन्हा तोच, नग्नता. नॉर्वेच्या पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी फोटो टाकला, तर त्यांचाही उडवला. तिथल्या 'आफ्टनपोस्टेन' दैनिकाच्या संपादकाने झुकरबर्गना पहिल्या पानावर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे फोटो सोवळ्यात आला.

आता चौथी. फोटो ज्यांच्या नावावर आहे त्या निक ऊट यांनी तो काढलाच नाही, न्गुयेन थान्ह न्गे नावाच्या फुटकळ मोबदल्यावर काम करणाऱ्या माणसाने काढला, असा दावा एका माहितीपटाने केला. असोसिएटेड प्रेसने ऊट यांचं नाव ठेवलं, 'वर्ल्ड प्रेस फोटो'ने मे २०२५ मध्ये स्थगित केलं. रास्त आहे, श्रेय ज्याचं त्याला मिळावं. पण त्याच महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षाच्या नावाखाली आपल्या मोबाइलवर व्हिडिओ गेममधली विमानं पडत होती. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यांना टाळ्या पडल्या. ती कुणी 'टिपली', असं एकानेही विचारलं नाही. खऱ्या फोटोला चार चौकश्या, खोट्याला थेट प्रवेश.

किम फुक आता कॅनडात असतात. २०२२ साली, पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाल्यावर, मायामीत त्यांच्या भाजलेल्या कातडीवर लेसरचे उपचार चालू होते. ती कातडी बनावट आहे का, असं अजून कुणी विचारलेलं नाही.