आमच्या गावचे एसपी

भिलाईच्या कारखान्याची धुराडी मागे पडली आणि धानाची खाचरं सुरू झाली, की एखाद्या पंचायत भवनासमोर हमखास पांढरी बोलेरो उभी दिसते. पाटीवर ठळक लाल अक्षरांत ‘सरपंच’. जवळ जाऊन जरा वाकलं, की पुढे बारीक ‘पती’ही वाचता येतं. रंगाऱ्याला जागा पुरली नसेल, असं आपण समजून घ्यायचं.

हे सरपंचपती, म्हणजेच एसपी. ‘एसपी’ म्हणजे सरपंचपती, हा किस्सा खुद्द पंतप्रधानांनी २४ एप्रिल २०१५ रोजी, पंचायती राज दिनी सांगितला होता. बायकोच्या पदावर नवऱ्यानं कारभार करायची ही प्रथा बंद करा, असंच ते म्हणाले. आमच्या पतिदेवांनी मात्र आपल्या पदाची दिल्लीत दखल घेतली गेली, एवढाच अर्थ काढला.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. छत्तीसगडने २००८ साली त्या वाढवून एकूण जागांच्या निम्म्या केल्या. सरपंचपद महिला राखीव निघालं, त्या दिवशी दुपारपर्यंत पतिदेवांचं तोंड उतरलेलं होतं. संध्याकाळी एकदम लक्षात आलं, की आपल्या घरात एक महिला आहेच!

प्रचाराच्या फ्लेक्सवर दोन फोटो. तिचा पदर कपाळापर्यंत. ह्यांचे हात जोडलेले आणि आकार दुप्पट.

ग्रामसभेच्या दिवशी मात्र ह्यांच्याइतका स्त्रीहक्काचा कैवारी सापडायचा नाही. इथल्या कायद्यानं गणपूर्तीला एक दशांश सभासद लागतात आणि त्यांत एक तृतीयांश बायका. आदल्या दिवशी कोटवारानं हाळी दिलेली असते, पण रोवणीच्या दिवसांत हाळीला कोण येतंय? मग पतिदेव स्वतः दारोदार फिरतात. “चल न काकी, बस दस्खत करना हे!” काकी येतात, सही करतात आणि पंचाईत अशी, की नंतर बसून राहतात. एखादी बंद पडलेल्या बोअरिंगचं विचारते. पतिदेव घसा खाकरून उभे राहतात. “तोला नहीं, सरपंचिन ला पूछत हंव,” काकी म्हणतात. सचिव रजिस्टरात डोकं खुपसतो.

आता शाई-शिक्क्याचे दिवस गेले. वित्त आयोगाचा पैसा सरपंच आणि सचिवाच्या डिजिटल सहीनं सुटतो. ती सही असते पेनड्राइव्हएवढ्या एका तुकड्यात आणि तो तुकडा असतो बोलेरोच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. सत्ता हातात आहे, हे दाखवायला पतिदेव ते जुडगं बोटाभोवती गरगर फिरवत असतात. पिन मात्र बाईंना पाठ. रात्री भात रटरटत असताना बिल समोर येतं : मुरूम, चौदा ट्रिपा. बाई हात पुसतात, कागद दिव्याखाली धरतात. रस्ता त्यांच्या कोठारापुढूनच जातो. “नऊच तर आल्या,” एवढं म्हणून त्या भाताकडे वळतात. त्या रात्री जुडगं खुंटीलाच लटकतं.

‘पंचायत’ मालिकेतल्या फुलेऱ्याच्या प्रधानपतीवर २०२० पासून सगळा देश हसतो आहे. आमचे पतिदेवही हसतात, तो उत्तर प्रदेशातला म्हणून.

पण छत्तीसगडही मागे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंचायत निवडणुका झाल्या आणि ३ मार्चला कबीरधाम जिल्ह्यातल्या परसवारा गावात शपथविधी झाला. सहा बायका पंच म्हणून निवडून आल्या होत्या. शपथ घेतली त्यांच्या नवऱ्यांनी. गळ्यात हार, कपाळी गुलाल, सगळं यथासांग. चित्रफीत गावभर आणि मग देशभर फिरली, चौकशी लागली आणि पंचायतीचा सचिव निलंबित झाला. नवऱ्यांना निलंबित करायचं तरी कुठून? कागदोपत्री ते कुठल्याच पदावर नव्हते.