वारसांची भरती

युद्धाचे ढग जमले की पुढाऱ्यांच्या पोरांना सीमेवर धाडा, अशी आरोळी उठतेच. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्यात त्यासाठी पाकिस्तानपर्यंत जायला नको. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी नक्षलवाद्यांशी लढायला सी-६० पथक उभारले. पोरे इथलीच, बरीचशी आदिवासी, माडिया-गोंडी बोलणारी. ऑक्टोबर २००९ मध्ये भामरागड तालुक्यातल्या लाहेरीजवळ १७ पोलीस गेले. १ मे २०१९ला जांभूळखेड्यात सुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांचा चालक. त्या याद्यांत एखाद्या आमदार-खासदाराचे चिरंजीव शोधायचे असतील तर खुशाल शोधा, चष्मा तेवढा सोबत न्या.

पुढाऱ्यांच्या घरात लढवय्ये नाहीत असे मात्र म्हणू नये. सिरोंचा ज्यात येते त्या अहेरी मतदारसंघात २०२४च्या विधानसभा निवडणुकीत वडील धर्मरावबाबा आत्राम, कन्या भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव असे तिघे एकमेकांसमोर ठाकले. एका जागेसाठी एका घरातून तीन शिपाई! (धर्मरावबाबांना १९९१ मध्ये नक्षलवाद्यांनी पळवून नेले होते; त्यांनी बंदूक जवळून पाहिली आहे, हे मान्य करायलाच हवे. मुंबई-पुण्याच्या वारसांनी पाहिली असेल ती अंगरक्षकाच्या कमरेला.)

सक्ती नकोच. तिकिटाच्या अर्जात एक रकाना वाढवा : लाहेरीच्या ठाण्यात किती पावसाळे काढले? पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद, म्हणजे चिरंजीवांना फोन करून बदली मागायलाही रेंज शोधत झाडावर चढावे लागेल.