चाचणी जंतूंची, दाखला विषाणूंचा

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात वॉलिस लेक नावाचं समुद्राला जोडलेलं सरोवर आहे. कालवांच्या शेतीसाठी ते नावाजलेलं. नोव्हेंबर १९९६ च्या अखेरीस तिथे मुसळधार पाऊस झाला. कालवं काढणं काही दिवस थांबलं आणि मग पुन्हा सुरू झालं. काढलेला माल ३६ तास निर्जंतुक पाण्याच्या टाक्यांत ठेवला गेला. नमुने तपासले, मैल्याची खूण मानला जाणारा ई-कोलाय हा जंतू मर्यादेत निघाला आणि माल बाजारात गेला. १९९७ उजाडताच कावीळ सुरू झाली. हिपॅटायटिस ए ने चारशेहून जास्त माणसं आजारी पडली, एक दगावलं.

कुणी चाचणी चुकवली नव्हती. चाचणीच चुकीच्या गोष्टीची होती.

कालव दिवसभर पाणी गाळून जगतं, त्यामुळे पाण्यात मैला असेल तर तोही पोटात साठवतं. स्वच्छ पाण्यात ठेवलं की ई-कोलाय एकदोन दिवसांत धुऊन निघतो. विषाणू निघत नाहीत, ते आठवडेच्या आठवडे चिकटून राहतात. नोरोव्हायरस तर आपल्या आतड्यात ज्या शर्करांना धरतो, तशाच शर्करा त्याला कालवाच्या पचनग्रंथीतही सापडतात. म्हणून ई-कोलायचा आकडा बघून विषाणू नसल्याची हमी देता येत नाही. युरोपात उत्तम दर्जाच्या पाण्याची अट आजही १०० ग्रॅम मांसात २३० ई-कोलाय अशीच लिहिलेली असते, आणि नोरोव्हायरसची मर्यादा ठरवण्यात वर्षानुवर्षं चर्चाच चालते. अडचण खरी आहे. पीसीआर चाचणी विषाणूची जनुकं मोजते. तो जिवंत आहे की मेलेला, हे सांगत नाही. पण अडचण आहे म्हणून भलतंच काहीतरी मोजून दाखला द्यायचा, ही खाणाऱ्याची फसवणूक आहे.

मुळात विषाणू कालवात जन्मत नाही. हिपॅटायटिस ए चा विषाणू आणि नोरोव्हायरस, दोन्ही माणसाच्या विष्ठेतून येतात. वॉलिस लेकच्या काठी सेप्टिक टाक्या होत्या, कॅराव्हॅन पार्क होते, पावसाचं पाणी वाहून आणणारे नाले होते. आजारी पडलेल्या ग्राहकांचा खटला सर्वोच्च पातळीपर्यंत गेला. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, स्थानिक परिषदेला आणि राज्य सरकारला निष्काळजीपणाच्या दायित्वातून मोकळं केलं. भरपाई उरली ती ग्राहक कायद्याखाली, माल विकण्याजोग्या दर्जाचा नव्हता म्हणून, कालव पिकवणाऱ्या कंपनीकडून. घाण गावाची, बिल शेतकऱ्याला. कायद्याच्या चौकटीत ते बसत असेलही, न्यायाच्या चौकटीत बसत नाही.

फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात २७ डिसेंबर २०२३ ला हेच घडलं. पावसाने मैलावाहिन्या तुंबल्या, नोरोव्हायरस सापडला, आणि नववर्षाच्या ऐन विक्रीत कालवांवर बंदी आली. फ्रान्समध्ये वर्षाची मोठी कमाई याच आठवड्यांत होते. बंदी योग्यच होती. पण त्या पाण्यात मैला सोडणाऱ्याचं दुकान एक दिवसही बंद झालं नाही.

अमेरिकेचा नियम मला जास्त शहाणा वाटतो. सांडपाणी पाण्यात सुटलं की कालवं काढणं २१ दिवस बंद. सात दिवसांनंतर, मैल्यातल्या विषाणूंसारखे वागणारे निरुपद्रवी कोलिफाज विषाणू तपासून मर्यादेत निघाले, तरच लवकर सुरू. इथे पहिली खूण प्रयोगशाळेतून नव्हे, मैलाशुद्धीकरण केंद्रातून येते. वाहिनी फुटल्याचा निरोप वेळेवर मिळाला, तर तो कुठल्याही चाचणीपेक्षा आधी पोहोचतो.

आपल्याकडे राज्य वनविभागाच्या कांदळवन कक्षाच्या योजनेतून सिंधुदुर्गात महिला बचतगट कालवं आणि शिणाणे वाढवतात. चांगलं काम आहे, वाढायला हवं. त्याच खाड्यांच्या काठावर गावं, हॉटेलं आणि होमस्टेही वाढत आहेत. त्यांचा मैला कुठे जातो, हे त्या बायकांना माल विकायच्या आधी कळलं पाहिजे, नंतर नाही. मैला खाडीत आला की त्याच दिवशी त्यांना फोन करण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर आणि नगरपंचायतीवर लेखी टाका. फोन न केल्यास नुकसानभरपाईही त्यांच्याकडूनच घ्या.

आणि घरी तिसऱ्यांसारख्या शिंपल्या करणाऱ्यांना एक सांगणं: शिंपली उघडली म्हणजे ती शिजली असं समजू नका. हिपॅटायटिस ए मारायला मांसाच्या आतपर्यंत ९० अंश सेल्सिअस उष्णता दीड मिनिट टिकावी लागते. शिंपल्या उघडल्यावरही काही मिनिटं चांगल्या उकळू द्या.