दोन ऑप्शनपर्यंत आलेले डॉक्टर

शिरवळमध्ये डॉक्टर बरेच आहेत. पण एस.टी. स्टँडवर उतरून नुसतं “डॉक्टर कुठं भेटतील?” विचारलं, तर चहावाला बोट दाखवतो तिथे दवाखाना नसतो, अभ्यासिका असते. आत पंख्याखालची जागा धरून आमचे डॉक्टर बसलेले असतात. अकरावीला सायन्स घेतलं त्याच आठवड्यात गावाने त्यांना ही पदवी देऊन टाकली. आता एमबीबीएसची तेवढी औपचारिकता राहिली आहे, आणि ती ऑरगॅनिक केमिस्ट्रीमुळे राहिली आहे, असं त्यांचं स्वतःचं निदान आहे. त्यांनी केलेलं हे एकमेव निदान.

नीटचे 180 प्रश्न, 720 मार्क. केमिस्ट्रीचे 45. बरोबर आलं तर चार, चुकलं तर एक वजा. निकालाच्या दिवशी कुणी मार्क विचारले तर डॉक्टर मार्क सांगत नाहीत. “पंधरा प्रश्नांत दोन ऑप्शनपर्यंत आलो होतो,” एवढंच सांगतात, आणि ऐकणारा नकळत साठ मार्क मनातल्या मनात मिळवून मोकळा होतो. उरलेल्या दोनांतलं आपण न निवडलेलं बरोबर निघतं, हा त्यांच्या ऑरगॅनिकमधला बिनअपवादाचा एकच नियम.

मार्च 2022 मध्ये नीटची वरची वयोमर्यादा काढून टाकल्याची बातमी आली, तेव्हा डॉक्टरांनी अभ्यासिकेत पेढे वाटले. वडिलांना ती बातमी आठवडाभर कुणी कळू दिली नाही.

अभ्यासात कसूर नाही, हे मात्र मान्य करायला हवं. दर जूनमध्ये नव्या वह्या येतात. अभिक्रियेचा बाण हिरवा, वरचं रिएजंट लाल, खालचं तापमान जांभळं. हॅलोअल्केनचं प्रकरण तर असं देखणं उतरतं की फ्रेम करून लावावं. अल्कोहोल आणि फिनॉलला दिवाळी होते, अल्डिहाइडला संक्रांत. बायोमॉलिक्यूल्स बायोलॉजीतही येतं म्हणून ते आधीच पाठ. राहतं अमाइन. तिथवर येईतो एप्रिल उजाडतो, जांभळं पेन सुकतं, आणि पेपरात हॉफमन ब्रोमामाइड दात विचकून उभा राहतो. मग पुढच्या जूनला पुन्हा पहिल्यापासून, कारण “बेसिक पक्कं पाहिजे.” मध्ये एक वर्ष लातूरला राहून आले. तिकडची शिस्त सोसली नाही, वह्यांचा आकार तेवढा मोठा झाला.

त्यांच्यावर सगळ्यात मोठा अन्याय झाला तो 2024 च्या अभ्यासक्रमात. बेकेलाइट, नायलॉन 6,6, बुना-एस, म्हणजे पॉलिमरचं अख्खं प्रकरण त्यांना तोंडपाठ होतं. कुणी प्लॅस्टिकची खुर्ची सरकवली तरी ते तिचा मोनोमर सांगत. ते प्रकरणच वगळलं. उलट प्रात्यक्षिक रसायनशास्त्र नव्याने आलं. आता टॉलेन्सचा चांदीचा आरसा, आयोडोफॉर्मचा पिवळा साका, ल्युकासच्या टेस्टमधला गढूळपणा, कार्बिलअमाइनचा किळसवाणा वास हे सगळं डॉक्टरांनी वहीत रंगवलं होतं. हुंगलेलं किंवा पाहिलेलं यातलं काहीच नाही. त्यांच्या ज्युनियर कॉलेजातल्या प्रयोगशाळेचं कुलूप बोर्डाच्या परीक्षेपुरतं उघडे, आणि त्याही दिवशी रीडिंग फळ्यावर लिहिलेलं असे. त्यात त्याच वर्षी मार्कांचा महापूर आला. आधी 67 जणांना 720 पैकी 720, मग 1563 जणांचे वाढीव मार्क रद्द, कोर्टकचेरी, आणि शेवटी पैकीच्या पैकी वाले उरले 17. डॉक्टरांना आजवरचे सर्वांत जास्त मार्क त्या वर्षी पडले, आणि रँक मात्र सर्वांत खाली गेली.

शिकवायला बसले की हाच माणूस देव. संध्याकाळी अभ्यासिकेतली पोरंपोरी वह्या घेऊन त्यांच्याभोवती गोळा होतात.

“दादा, मार्कोव्हनिकॉव्ह लक्षात राहत नाही.”

“त्यात काय? आपली विकास सोसायटी! ज्या कार्बनकडे हायड्रोजन आधीच जास्त, येणारा हायड्रोजनही त्याच्याच पदरात. आता त्यात पेरॉक्साइड टाकलं म्हणजे?” पोरं गप्प. “म्हणजे निवडणूक लागली! गरीब कार्बनचंही नशीब उघडलं. पण हे फक्त एचबीआरला हां. एचसीएल आणि एचआयच्या वॉर्डात निवडणूक नसते.”

मार्कोव्हनिकॉव्हला रशियात बसून खंडाळा तालुका कसा कळला असेल कोण जाणे, पण ही पोरं तो प्रश्न जन्मात चुकत नाहीत. त्यांतली काही नीरा ओलांडून पुण्याच्या मेडिकलला गेली. जाताना डॉक्टरांच्या पाया पडून गेली.

आणि ज्या गावात हा माणूस झुरतोय, त्याच गावात क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथला प्रवेशही नीटच्याच मार्कांवर. कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतली मुलं बॅगा घेऊन स्टँडवर उतरतात आणि डॉक्टर त्यांना कॉलेजचा रस्ता दाखवतात. एका वर्षी त्यांचेही मार्क तिथे बसत होते. “गुरांचा डॉक्टर?” म्हणून त्यांनी फॉर्म भरला नाही. वडील एवढंच म्हणाले, “अरे, पेशंट गोठ्यात बांधलेत की!”

परवा त्यांची म्हैस व्याली आणि दुसऱ्या दिवशी खालीच बसली. मान पोटाकडे वळवलेली, कान गार. कॉलेजातून डॉक्टर आले, सोबत इंटर्नशिपची एक मुलगी. हीही कधीकाळी अभ्यासिकेतली, सोसायटी आणि निवडणूक ऐकून गेलेली. तिने कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली उंच धरली आणि शिरेतून थेंब थेंब सोडायला लागली. आमच्या डॉक्टरांनी बाटलीवरचं लेबल वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“ग्लुकोनेट! ग्लुकोजला ब्रोमिन वॉटर दिलं की काय मिळतं, सांग?”

“ग्लुकोनिक ॲसिड, दादा.”

“आणि नायट्रिक ॲसिड दिलं तर?”

“सॅकॅरिक. दादा, तिची मान घट्ट धरा, सुई हलतेय.”

डॉक्टरांनी मान धरली. थोड्या वेळाने म्हैस थरथरली, ढेकर दिली आणि धडपडत उभी राहिली. वडील त्या मुलीला चहा घेऊनच जा म्हणून आग्रह करत होते.

“बघितलंस?” डॉक्टर मला म्हणाले. “ऑरगॅनिक आहे सगळं.”